गुन्हा खोटा, पंचनामा खरा

सकाळी सहाच्या सुमारास तलावात मासे उताणे तरंगताना दिसले की गावातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: विष कोणी टाकलं? मासे कशानं मेले, हे कोणी विचारत नाही. तलाव मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलेला असतो, पावसाळ्यात बीज सोडलेलं असतं, त्यावर घरं चालायची असतात. मग बांधावरच्या शेतकऱ्याशी पाण्यावरून झालेली बाचाबाची आठवते, मागच्या खेपेला ठेका हुकलेल्या माणसाचं नाव निघतं आणि संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागलेला असतो. तोवर मेलेले मासे खड्ड्यात पुरून झालेले असतात. कोणते मासे मेले, कोणते जगले, पाण्याचा रंग कसा होता, आदल्या दिवशी ऊन पडलं होतं का, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नसतं.

या प्रकरणात असाच एक गुन्हा आपण मुद्दाम रचणार आहोत. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात आठवीचा एक वर्ग आहे आणि केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमू शहराजवळ, त्याच वयाच्या मुलांचा दुसरा वर्ग आहे. दोघांनी मिळून, इंटरनेटवरून, एका कल्पित गावच्या कल्पित तलावातली मासळी कशी मेली याचा तपास करायचा आहे. गाव खोटं, संशयित खोटे, नोंदी शिक्षकांनी रचलेल्या. खरं आहे ते फक्त विज्ञान आणि तपासाची रीत. जगभर शाळा-महाविद्यालयांत असे लुटुपुटीचे गुन्हे रचले जातात, आणि गुन्हा नीट रचला तर त्यातून मुलं जे शिकतात ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यातून सहसा हाती लागत नाही. नीट रचला नाही, तर मात्र तो टीव्हीवरच्या ‘सीआयडी’चा एक लांबलेला भाग होतो.

खोटा गुन्हा रचून शिकवण्याची कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या श्रीमंत घरातल्या बाईंनी १९४०च्या दशकात बाहुलीघरं बनवली. एक फूट म्हणजे एक इंच, या मापाची. प्रत्येक घरात एक मृत्यू. खुंटीवरचा कोट, ओट्यावरचं अर्धवट शिजवलेलं जेवण, भिंतीवरचं कॅलेंडर, बाहुलीच्या पायातले हातानं विणलेले मोजे, सगळं मापात. हार्वर्ड विद्यापीठात न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहावा म्हणून १९३१ मध्ये त्यांनीच पैसे दिले होते आणि १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याच्या पोलीस दलानं त्यांना मानद कॅप्टन केलं. पोलिसांना त्या बाहुलीघरासमोर ठरावीक वेळ उभं करत आणि जे दिसलं ते सांगायला लावत. खुनी कोण, हे ओळखण्याची ती स्पर्धा नव्हती. कसरत फक्त पाहण्याची होती. ली १९६२ मध्ये वारल्या. त्यांची अठरा घरं आजही मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहरात प्रशिक्षणासाठी वापरात आहेत.

हे परदेशातच झालं असं मात्र नाही. गुन्हेतपासाला शास्त्राचं रूप देणारे ऑस्ट्रियाचे दंडाधिकारी हान्स ग्रोस यांच्या ग्रंथाचं इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये निघालं ते मद्रासहून, तिथल्या दोन सरकारी वकिलांच्या हातून, भारतातल्या तपासाला जुळवून घेऊन. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात उघडलं होतं. ठशांची वर्गवारी बसवणाऱ्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांना त्याचं श्रेय मिळायला फार उशीर लागला. मराठी मुलांना तर तपासाचं वेड बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारनं आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं कधीच लावून ठेवलेलं आहे. फेणे एकटा धावतो, एकटा अडकतो आणि एकटाच सुटतो. गोष्टीत ते शोभतं. वर्गात एकट्यानं सोडवलेला गुन्हा म्हणजे चाळीस मुलांपैकी एक हुशार मुलगा पुढे आणि बाकीची एकोणचाळीस मुलं प्रेक्षक.

यावरचा उपाय एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शोधला. काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथल्या शाळांत नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात ताण होता. ॲरन्सननं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचा तुकडा हवा असेल तर त्याच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा करून चालेना, कारण उत्तराचा एक हिस्सा त्याच्याकडे. लुटुपुटीच्या गुन्ह्याचा सगळा डोलारा या एका युक्तीवर उभा आहे. एकाच वर्गात हे तुकडे फार काळ वेगळे राहत नाहीत. मधल्या सुट्टीत फुटतात. तुकडा जर पाच हजार किलोमीटरवरच्या मुलाकडे असेल, तर त्याला लिहून विचारण्यावाचून दुसरा रस्ताच उरत नाही. इंटरनेटचं मोल माझ्या मते इथे आहे. पडद्यावर परदेशी चेहरा दिसण्याचं अप्रूप दुसऱ्या दिवशी संपतं.

मेलेल्या माशांचा तपास मी का निवडला, याला आधार आहे. हार्वर्डमध्ये ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इकोम्यूव्ह’ नावाचं संगणकी तळं तयार केलं. मुलं त्या तळ्याकाठी दिवसांमागून दिवस फिरतात, नोंदी घेतात आणि एक दिवस तिथे मोठे मासे मेलेले आढळतात. गटातला एक जण निसर्ग-निरीक्षक, एक सूक्ष्मजीव पाहणारा, एक पाण्याचा रसायनतज्ज्ञ आणि एक चक्क खासगी गुप्तहेर. इंडियाना विद्यापीठातल्या साशा बाराब यांच्या ‘क्वेस्ट अटलांटिस’मध्ये तैगा नावाच्या नदीकाठच्या उद्यानात मासे घटतात, आणि शेतकरी, लाकूडतोड कंपनी व मासेमारीच्या सहली काढणारी कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. तो खेळ अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा वेगवेगळ्या देशांतल्या वर्गांत वापरला गेला. दोन्हीकडे उत्तर एका खलनायकापाशी येऊन थांबत नाही.

महाराष्ट्रात अशा जोडणीची जमीन तयार आहे, हेही सांगायला हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडी इथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर्सच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली, ही बातमी सगळ्यांना आठवते. ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला त्यातलं एक काम मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. घरातल्या प्रयोगशाळेतून ते इंटरनेटवरून परदेशी वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. पुरस्काराच्या वेळी या देशांची संख्या ८३ सांगितली गेली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना त्यांनी सहा आठवड्यांच्या उपक्रमात जोडीजोडीनं एकत्र बसवलं. ‘आयअर्न’ हे शाळा जोडणारं जाळं तर १९८८ मध्ये, शीतयुद्ध संपायच्या आत, न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळांतून सुरू झालं. आणि ‘मिस्टरी स्काइप’ हा खेळ अनेक शिक्षकांनी खेळवलेला आहे: समोरचा वर्ग कोणत्या देशात आहे, हे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे प्रश्न विचारून ओळखायचं. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. खेळाचं त्यानं काही अडत नाही. ‘तुम्ही विषुववृत्ताच्या वर आहात का?’ हा प्रश्न एका फटक्यात अर्धी पृथ्वी बाद करतो, हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं तेव्हा त्याच्यातला तपास अधिकारी जागा झालेला असतो.

आता आपला गुन्हा.

भंडाऱ्याला तलाव नवे नाहीत. कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी उतार बघून बांधलेले मालगुजारी तलाव जिल्हाभर आहेत. साकोलीकडचं शिवनीबांध, तुमसरकडचं चांदपूर ही नावं तिथल्या मुलांना सांगावी लागत नाहीत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, पाणी धानाला आणि मासळी संस्थांना, अशी वाटणी झाली. तेव्हा तलावाचा गुन्हा म्हणजे पाणी, धान आणि मासळी या तिघांचं भांडण. रचायला यापेक्षा चांगली सामग्री कुठे मिळणार?

शिक्षक दोन पाकिटं तयार करतात. भंडाऱ्याच्या वर्गाला माणसांचं पाकीट: जबाब, दुकानाची पावती, काही फोटो. बांधीला लागून गोठा असलेल्या शेतकऱ्याचं संस्थेशी भांडण झालेलं आहे. त्याच्या गोठ्यामागे मोहाच्या पेंडीची पोती आहेत. संस्थेनं मासे लवकर वाढावेत म्हणून महिनाभरात शेणखताच्या किती बंड्या तलावात टाकल्या, याचा हिशेब एका वहीत आहे. केनियाच्या वर्गाला तलावाचं पाकीट: पाण्यातल्या विरघळलेल्या प्राणवायूची तासातासाची नोंद, तीन दिवसांचं हवामान, पाण्याचा रंग, आणि मेलेल्या व जिवंत माशांची यादी. यादीतली नावं मुद्दाम मराठीच ठेवायची. मेलेले: रोहू, कतला, मृगळ, बहुतेक मोठे. जिवंत: मरळ, मागूर आणि काठाला बारीक पिल्लं.

पाकीट जसंच्या तसं पाठवायचं नाही, एवढा एकच कडक नियम. प्रश्न आला तर उत्तर द्यायचं.

पहिल्या आठवड्यात काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भंडाऱ्याच्या मुलांना भांडण आणि पोती एकाच फोटोत दिसतात. मासे मारायला मोहाची पेंड वापरतात, हे त्यांच्यातल्या कोणाला तरी घरून माहीत असतं. ते खरंही आहे. तलावात नवं बीज सोडण्याआधी नको असलेली मासळी मारायला हेक्टरी अडीच हजार किलोपर्यंत मोहाची पेंड टाकण्याची शिफारस मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहे. तिच्यातलं सॅपोनिन माशांचं रक्त बिघडवतं आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचंच खत होतं. मग मुलं लिहितात: ‘आरोपीच्या गोठ्यात विषाची पोती सापडली.’

केनियाची मुलंही विषावर सहज विश्वास ठेवतील. त्यांच्या सरोवरात कीटकनाशक टाकून मासे पकडण्याचे प्रकार झाले होते आणि त्यामुळे युरोपीय संघानं १९९९ मध्ये तिथल्या मासळीची आयात थांबवली होती. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ते दिवस पाहिलेले आहेत. म्हणजे दोन खंडांतली मुलं एकाच चुकीच्या उत्तराकडे धावतात, दोघांकडेही त्याला सबळ कारण असतं. इथे शिक्षकानं तोंड मिटून बसायचं. अवघड आहे, पण बसायचं.

शिक्षकानं बोलायचं ते फक्त पंचनाम्याबद्दल. वरच्या वाक्यात ‘आरोपी’ हा निष्कर्ष आहे, ‘विष’ हा निष्कर्ष आहे, आणि ‘सापडली’ या शब्दात कोणीतरी लपवली होती असा वास आहे. चांगला हवालदार असं लिहीत नाही. तेच वाक्य पुन्हा लिहायला लावलं की असं काहीतरी येतं: ‘गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकून चार पोती. दोन शिवलेली, दोन उघडी. उघड्या पोत्यांत तपकिरी रंगाची भुगा झालेली पेंड. पोत्यांवर छापील नाव नाही. गोठ्याचा मालक म्हणतो, ती मोहाची पेंड आहे आणि धानाच्या बांधीत खत म्हणून आणली आहे.’ मजकूर कितीतरी पट वाढला, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य वाचून किसुमूच्या मुलाला आपला प्रश्न विचारता येतो. दोन पोती उघडी का? किती पेंड कमी झाली आहे? अख्ख्या तलावाला किती लागली असती? तलाव चार हेक्टरांचा असेल तर दहा हजार किलो. दोन उघड्या पोत्यांत हे गणित बसतच नाही. भंडाऱ्याच्या मुलानं स्वतःच्याच वर्गासाठी लिहिलं असतं तर ‘विषाची पोती’ एवढ्यावर भागलं असतं, कारण वर्गातल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र होतं. परक्या वाचकाच्या डोक्यात कोणतंच चित्र नसतं.

दुसरा प्रश्न यादीतून उठतो. मरळ म्हणजे कोणता मासा? मागूर म्हणजे? मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरातलं पोर वर्गात असेल तर त्याची मान त्या दिवशी ताठ होते. ‘सर, मरळ वर येऊन हवा घेते जी. चिखलात पण मरत नाही.’ हे उत्तर इंग्रजीत जातं आणि तिकडून ओळखीची खूण येते. व्हिक्टोरिया सरोवरात फुफ्फुसाचा मासा असतो, तिथे त्याला कामोंगो म्हणतात. तोही हवा घेऊन जगतो. म्हणजे हवा घेणारे मासे वाचले आणि पाण्यातल्या प्राणवायूवर जगणारे मेले. केनियाच्या पाकिटातली तासांची नोंद आता बोलू लागते: मध्यरात्री लिटरला ५ मिलिग्रॅम, पहाटे पाचला १. प्राणवायू तीनच्या खाली गेला की रोहू-कतला बेजार होतात. आणि पेंडीचं काय? मरळ मारण्यासाठीच तर ती टाकतात. पेंड पडली असती तर यादीत मरळ मेलेल्यांत असती.

गोठ्यावाला सुटला. त्याला सोडवणारा पुरावा त्याच्या शत्रूकडे नव्हता, मित्राकडे नव्हता, तो पाच हजार किलोमीटरवरच्या वहीत होता आणि त्याचा अर्थ लावणारं ज्ञान साकोलीत.

पुढचं काम मुलं भराभर करतात. हिरवंगार पाणी म्हणजे शेवाळ फार. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री सगळ्यांबरोबर स्वतःही घेतं. तीन दिवस आभाळ असल्यानं दिवसाची कमाई घटली, रात्रीचा खर्च तेवढाच राहिला. त्यातच पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशाला सुमारे ७. मोठ्या माशांना जास्त लागतो म्हणून ते आधी गेले, बारीक पिल्लं पृष्ठभागालगत तग धरून राहिली. आणि शेवाळाला इतकं खाऊ कोणी घातलं? शेणखताच्या बंड्यांचा हिशेब भंडाऱ्याच्या पाकिटात पहिल्या दिवसापासून पडलेला होता. फिर्याद देणाऱ्या संस्थेनंच, भल्या हेतूनं, खत जास्त टाकलं होतं. गुन्हा झालेला नाही. झाली ती चूक, आणि तीही आभाळ आलं नसतं तर कदाचित निभावली असती.

काही मुलं या उत्तरावर नाराज होतात. त्यांना चोर हवा असतो. ती नाराजी मला फार मोलाची वाटते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. भंडारा आणि नैरोबी यांच्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिकडे साडेआठ, म्हणजे दोन्ही शाळा भरलेल्या. जर्मनीशी बोलायचं तर आपला दुपारचा साडेतीनचा तास त्यांच्याकडे हिवाळ्यात सकाळचा अकराचा पडतो, तेही जमतं. न्यूयॉर्कला मात्र आपल्या दुपारी पहाट असते. अमेरिकन शाळेशी जोडी जमवण्याची हौस पुष्कळांना असते. थेट बोलणं त्यात होत नाही आणि एका बाजूची मुलं कायम जांभया देतात. भाषेचाही विचार करावा. केनियातल्या मुलाची इंग्रजी शाळेत शिकलेली, आपल्या मुलाचीही तशीच. दोघेही सावकाश, छोट्या वाक्यांत लिहितात आणि चुकायला लाजत नाहीत. समोर लंडनचा वर्ग आला की आपली बडबडी पोरंसुद्धा ‘यस’, ‘नो’वर येतात, हे अनेक शिक्षकांच्या ओळखीचं आहे. व्हिडिओसाठी जीव टाकण्याचंही कारण नाही. मजकूर आणि लहान आकाराचे फोटो एवढ्यावर तपास चालतो, वीज गेली तर पत्र उद्या जातं. मुलांची खाती वेगवेगळी काढू नयेत. वर्गाचं एकच खातं, शिक्षकाच्या हाती, चेहऱ्याचे फोटो नाहीत, आडनावं नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना वापरता येत नाही, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं स्पष्ट केलं आहे.

आडनावांचा मुद्दा संशयितांनाही लागू आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. आपल्याकडे आडनाव लिहिलं की जात लिहिली जाते. चौदा वर्षांची मुलं ती वाचतात आणि मग पुरावा वाचत नाहीत. म्हणून संशयितांना फक्त कामं असावीत: गोठ्याचा मालक, संस्थेचा सचिव, खताचा दुकानदार. खून, बलात्कार, जातीचा हिंसाचार हे विषय खेळात आणूच नयेत. याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली आणि पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आल्यानं मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. पुरावा पहिल्याच वेळी नीट पाहिला-नोंदवला न जाणं म्हणजे काय, हे भंडाऱ्याला इतरांनी शिकवण्याची गरज नाही. ती घटना मुलांनी मोठेपणी वाचावी, गंभीरपणे वाचावी. तिचा खेळ होऊ शकत नाही.

ज्या प्रकरणांना उत्तरच मिळालं नाही तीही मुलांना दाखवायला हवीत. नागझिऱ्यातून निघून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आलेला ‘जय’ हा वाघ एप्रिल २०१६ पासून दिसेनासा झाला. त्या अभयारण्याचा एक भाग भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडे येतो. जयच्या गळ्यात कॉलर होती, शोध मोठा झाला, तर्क भरपूर लढवले गेले, शिकारीचे आरोप झाले. शरीर मिळालं नाही, कॉलर मिळाली नाही. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा श्रीनिवास नागभीड परिसरात मेला, तेव्हा मात्र कॉलर आणि शरीर हाती लागलं आणि शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेपर्यंत तपास पोचला. बाप आणि मुलगा, एकच प्रदेश, जेमतेम वर्षाचं अंतर. एका फाइलीत उत्तर आणि दुसरीत नाही. आपल्या लुटुपुटीच्या गुन्ह्याच्या उत्तरपत्रिकेत म्हणूनच एक रकाना हवा: ‘उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही.’ तो रकाना योग्य ठिकाणी भरणाऱ्या गटाला पूर्ण गुण द्यावेत.

टीव्हीवर ‘सीआयडी’तले डॉ. साळुंखे नमुना हातात घेतात आणि पुढच्या मिनिटाला निदान सांगतात. नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने रांगेत असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं आहे आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती अमलात आणायला पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे आज आठवीत असलेली मुलं नोकरीला लागतील तेव्हा या कामाला माणसं लागणार आहेत. पण तो या खेळाचा हेतू धरू नये. यातली बहुतेक मुलं शेती, दुकान, दवाखाना, कचेरी यांत जातील आणि आयुष्यात केव्हा तरी पंच म्हणून पंचनाम्यावर सही करतील. न वाचता सही करणारे पंच आपल्याकडे पुष्कळ आहेत.

ज्या शिक्षकांना हे करून बघायचं असेल त्यांना एक सुचवतो. पहिली जोडी केनियाशी जमवू नका. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, लाखांदूरच्या शाळेनं तुमसरच्या शाळेशी जमवावी. पाकिटं पोस्टानं किंवा केंद्रप्रमुखांच्या पिशवीतून पाठवली तरी चालतात, आणि नियम कुठे फुटतात ते घरच्या घरी कळतं. परदेशी वर्गाशी बोलणी दिवाळीच्या सुट्टीत करून ठेवा. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपल्याकडे मार्चपासून परीक्षांची गडबड असते. दोघांना मोकळे असे आठवडे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट एवढेच मिळतात. एका गुन्ह्याला ते पुरतात.